इटलीचे सुप्रसिद्ध मिस्त्री

कुमुदने रोमहून घरी कळवलं की मी एका कंडक्टरशी लग्न ठरवलं आहे, तेव्हा तिच्या वडिलांनी अन्नपाणी सोडलं. मुलगा परदेशी आहे, परधर्माचा आहे, नको ते खाणारा आहे, याचं त्यांना फारसं काही वाटलं नव्हतं. ते रेल्वेत गार्ड होते. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी अर्धा देश पाहिला होता, त्यामुळे माणसांच्या बाबतीत त्यांचं मन मोठं होतं. पण रेल्वेतल्या माणसाच्या पोरीने एस.टी.तला जावई करावा, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. "टी.सी. तरी पाह्याचा होता तिनं," असं ते माझ्या आईजवळ बोलल्याचं मला पक्कं आठवतं.

हा कंडक्टर तिकिटं फाडत नाही, पन्नास-साठ वादकांपुढे उभा राहून हातातली काडी हलवतो आणि मग ते सगळे वाजवतात, असं कुमुदने फोनवर समजावून सांगितलं.

"मंग थो सोता काय वाजवते?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाई."

"आन् याचा त्याले पगार भेटते?"

भेटतो, म्हणाली. वडील गेले ते हे कोडं न सोडवताच.

कुमुद माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघी मलकापुरात एका बाकावर बसून शिकलो. मी इथल्याच शाळेत इंग्रजीची बाई झाले आणि ती टायपिंगच्या जोरावर रोममधल्या कुठल्याशा आंतरराष्ट्रीय कचेरीत जाऊन बसली. निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, की मी आता मलकापूरला येऊन राहणार, वडिलांच्या घरात, नवऱ्यासकट. लोक पोरांकडे पुण्याला जातात, अमेरिकेला जातात. रोम सोडून मलकापूरला येणारी बाई आमच्या माहितीत तरी पहिलीच. घर रेल्वे लाइनीला लागून. मुंबई-नागपूर मार्गावरची प्रत्येक गाडी तिच्या स्वयंपाकघराची भांडी हलवून पुढे जाते. संगीतकाराला राहायला याहून योग्य जागा शोधूनही सापडली नसती.

नवऱ्याचं नाव एर्मान्नो बेल्त्रामिनी. हे नाव गल्लीत एकदाही कोणी पूर्ण उच्चारलं नाही. त्यांच्या देशात ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याला मानाने 'माएस्त्रो' म्हणतात. कुमुदही म्हणे, पण मानाने नव्हे. "या माएस्त्रो, भाजी निवडा," अशा सुरात. गल्लीने ते ऐकलं, आपल्या सोयीने वळवलं आणि पहिल्या आठवड्यातच ते 'मिस्त्री' झाले. पोरांचे मिस्त्रीबाबा, बायकांचे मिस्त्रीभाऊ.

त्याला कारणही घडलं. त्यांच्याबरोबर पियानो आला होता. बोटीने मुंबईला आणि तिथून ट्रकने मलकापूरला. उतरवायला जिनिंगवरचे हमाल बोलावले. कापसाच्या गाठी लीलया फिरवणारे गडी. त्यांच्या मुकादमाने विचारलं, "याच्यात काय हाय?" कुमुद म्हणाली, "पेटी हाय, वाजवाची." मुकादमाने त्या अवाढव्य खोक्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "असं कोनतं भजन म्हनता बाई तुमी?"

पियानो दारातून जाईना. शेवटी बैठकीची भिंत पाडावी लागली. पियानो आत गेला, भिंत पुन्हा बांधली, आणि ती बांधून होईपर्यंत हा उंच, पांढऱ्या केसांचा गोरा माणूस धुळीत उभा राहून गवंड्यावर ओरडत होता. त्यामुळे ते मिस्त्री आहेत याबद्दल जी काही शंका गल्लीत होती तीही मिटली.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या खंडारेकाकू त्यांना हाताला धरून घरी घेऊन गेल्या. काकूंचा स्लॅब गळत होता. खाली ठेवलेल्या बादलीत पाणी टपटपत होतं. मिस्त्री त्या बादलीशेजारी डोळे मिटून उभे राहिले, बराच वेळ. मग त्यांनी बोट वर करून निदान सांगितलं, "फा."

काकू धावत कुमुदकडे आल्या. "वं कुमुद, फा म्हंजे किती बोऱ्या शिमिट?"

फा हा त्यांच्याकडच्या सरगमीतला एक सूर आहे, हे सांगून काकूंचा गैरसमज दूर करायला कुमुदला फार वेळ लागला. मिस्त्रींचा तर दूर झालाच नाही. एका बाईने आपल्या घरी गळणारं पाणी ऐकायला बोलावलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. मलकापुरात रसिकता आहे, असं त्यांनी इटलीला फोन करून सांगितलं.

हा आनंद फार टिकला नाही.

मिस्त्रींचा कान हा एक आजारच होता. आपल्याला नाकात धूळ गेली की शिंका येतात, तसा त्यांना कानात बेसूर गेला की राग येई. आणि मलकापुरात त्यांना दुसरं काय मिळणार? मालगाडीचा भोंगा चढा आहे म्हणून ते स्टेशनमास्तरांना भेटायला गेले होते. सरकारी तक्रार इंग्रजीतच करायची असते असं कोणी तरी त्यांना सांगितलं होतं, म्हणून दुभाषी म्हणून मला नेलं. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं, पण ते बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, त्यामुळे त्या भेटीत नेमकं काय ठरलं हे आम्हा तिघांपैकी कोणालाच कळलं नाही. स्टेशनमास्तर सज्जन माणूस. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि "वर कळवतो" म्हणाले.

भांडीवाला, भंगारवाला, गल्लीतल्या प्रत्येकाचा कुकर, सगळ्यांची त्यांच्यापुढे सुनावणी झाली. एखादा आवाज अगदीच असह्य झाला की ते खिडकी उघडून ओरडत, "हे गानं नाई! हा अॅक्सिडेंट हाय!" हो, मराठीतच. मराठी त्यांना कुमुदने शिकवलेली. कुमुदला जी येत होती तीच त्यांना आली. पुण्याहून एकदा कोणी संगीताचे जाणकार गृहस्थ मुद्दाम त्यांची मुलाखत घ्यायला आले. बेल वाजली तेव्हा मिस्त्री पियानोवर होते. दार उघडून त्यांनी विचारलं, "काऊन आला बे?" गृहस्थांनी पुढे मासिकात लेख लिहिला, त्यात मिस्त्रींच्या संगीताविषयी चार ओळी होत्या आणि भाषेविषयी दीड पान.

उन्हाळ्यात तर विचारू नका. मलकापूरच्या मे महिन्यात लाकूड तडकतं, माणूस तर मऊच. पियानोच्या पोटातलं लाकूड फाटू नये म्हणून मिस्त्रींनी त्याच्याभोवती पाण्याचे माठ मांडले, खिडक्यांना ओल्या चादरी लावल्या आणि घरातला एकुलता एक कूलर बैठकीत नेला. नवराबायको आतल्या खोलीत पंख्याखाली भाजत पडत. कुमुद म्हणे, "मले ऊन लागलं त चालते. पियानोले नाई लागलं पाह्यजे. मी काय, दुसरी भेटीन."

त्यांची आधीची हकीकत मला कुमुदनेच तुकड्यातुकड्यांनी सांगितली, मटार सोलता सोलता. उत्तर इटलीतल्या एका लहान गावातल्या पाववाल्याचा हा मुलगा. चर्चमधल्या जुन्या पियानोवर शिकला, मोठ्या शहरातल्या संगीतशाळेत गेला आणि मग नाटकघरात लागला. काम काय, तर संगीत नाटकातले गायक तालीम करत असताना पियानो वाजवायचा. गायक चुकला तरी पियानोवाल्याने चुकायचं नाही आणि गायक चुकला असं म्हणायचंही नाही. यातली पहिली अट त्यांना जमे. एका संध्याकाळी मुख्य कंडक्टरच्या पोटात कळ आली आणि ऐन वेळी यांना उभं केलं. दुसऱ्या दिवशी पेपरात कौतुक. मग गावोगावची बोलावणी आली. कुमुदने त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका कार्यक्रमात, पाठमोरं. "पाठ चांगली होती," ती म्हणाली. "तोंड मंग दिसलं."

कारकीर्द बुडाली तीही एकाच संध्याकाळी. त्यांच्याच गावच्या नाटकघरात पहिला अंक संपत आला असताना नगराध्यक्ष आपला लवाजमा घेऊन आले, पुढच्या रांगेत खुर्च्या सरकवत बसले आणि बोलू लागले. मिस्त्रींनी काडी खाली ठेवली. ऑर्केस्ट्रा थांबला. ते वळून म्हणाले, "सगळे आलेत ना? चला, पहिल्यापासून." आणि खरंच पहिल्यापासून सुरू केलं. गायकांसकट. आठवडाभर सगळीकडे त्यांचं नाव झालं. त्यानंतर कोणीही बोलावलं नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी डॉक्टर-वकिलांच्या मुलांना पियानो शिकवला आणि घर कुमुदच्या टायपिंगवर चाललं. ताठ कण्याचा माणूस घरात असला की बायकोला वाकून काम करावं लागतं, हे काय फक्त इटलीतच होतं असं नाही.

मलकापुरात आल्यावर त्यांनी हेच पुन्हा केलं, फक्त नाटकघराऐवजी रस्त्यावर.

लग्नसराई होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वरात आली. पुढे गफूरभाईंचा बँड. गफूरभाई स्वतः क्लॅरिनेट वाजवत. त्यांच्या वडिलांनी उभा केलेला बँड, एकेकाळी वडनेर भोलजीपासून पार बीबी गावापर्यंतच्या लग्नांना जायचा. पुढे डी.जे. आले. एका टेम्पोत भिंतीएवढे स्पीकर, आणि वाजवायला बटण दाबणारा एक माणूस. गफूरभाईंचे निम्मे वादक रिक्षा चालवू लागले. राहिले त्यांना लोक हौस म्हणून बोलवत, किंवा डी.जे. मिळाला नाही म्हणून.

वरात मिस्त्रींच्या खिडकीखाली आली आणि क्लॅरिनेटने एक सूर असा काही लावला की मिस्त्री बनियनवरच रस्त्यावर उतरले. दोन्ही हात वर करून बँडसमोर उभे राहिले. बँड थांबला. नाचणारे थांबले. घोडाही थांबला.

"चूक!" मिस्त्री म्हणाले. "पहिल्यापासून!"

त्यांचं म्हणणं होतं गाणं पहिल्यापासून. पण बँडवाल्यांना वाटलं, गोरा माणूस आहे, वधूपक्षाकडचा कोणी मोठा पाहुणा असणार, वरात पहिल्यापासून काढायला सांगतोय. बँड वळला. बँड वळला म्हणून घोडा वळला. नवरदेव मुंडावळ्यांच्या आतून "काय झालं बे, काय झालं?" म्हणून ओरडत राहिला आणि अख्खी वरात जिथून निघाली होती त्या मारुतीच्या देवळापर्यंत मागे गेली. मुहूर्त टळला. नवऱ्याच्या मामाने देवळासमोर जे शब्द वापरले ते कुमुदने मिस्त्रींना शिकवायचे राहिले होते, तेही त्या दिवशी शिकून झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूरभाई भांडायला आले. काळासावळा, हडकुळा माणूस, बँडचा लाल कोट खांद्यावर टाकलेला. दाराशीच म्हणाले, "साहेब, आमी रोडावर इज्जत कमावतो. तुमी रोडावरच उतरोली."

मिस्त्रींनी हात पुढे केला. गफूरभाईंना वाटलं माफी मागतात. मिस्त्रींना क्लॅरिनेट हवा होता. त्यांनी तो उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि मधल्या सांध्याजवळ बोट ठेवलं. बारीक तडा होता. तिथून हवा निघत होती.

"उन्हानं," मिस्त्री म्हणाले.

"मले मालूम हाय," गफूरभाई म्हणाले. "मेण लावतो. ऊन पडलं का पघळते."

मिस्त्रींनी त्यांना आत नेलं आणि पियानोचं झाकण उघडून आतला तडा दाखवला. मांडलेले माठ, ओल्या चादरी, सगळं दाखवलं. मग दोघं जण एकमेकांना आपापल्या वाद्याची दुखणी सांगत बसले, एकाच वॉर्डात भरती झालेल्या पेशंटांसारखे. भांडण राहून गेलं. मी मध्ये दुभाषी म्हणून बसले होते, मला कोणी काही विचारलंच नाही.

त्यानंतर बंद पडलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये रोज दुपारी बँडची तालीम सुरू झाली. मिस्त्रींनी त्या गरीब माणसांचा जो छळ केला तो पाहवत नव्हता. ढोलवाल्याला त्यांनी एक आख्खा आठवडा ढोल वाजवूच दिला नाही. "पैले आइक," म्हणत. रिक्षा चालवणारे दोघे जण सवाऱ्या सोडून येत आणि शिव्या खाऊन जात. पण येत. मी गफूरभाईंना विचारलं, हे कशाला सहन करता? ते म्हणाले, "बाई, आमाले लोक नाचता नाचता पाह्यतात. ऐकाले कोन बसते? हा एकटाच मानूस हाय जो आइकते. आता आइकते म्हून बोंबलते."

वर्षभराने बँड खरोखर चांगला वाजू लागला. कुमुद स्वयंपाक करताना आईच्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणायची. त्यातल्या एका ओवीची चाल मिस्त्रींनी बँडसाठी बसवली. क्लॅरिनेट ओवी म्हणायचा आणि बाकीचा बँड हलकेच खालून फिरायचा, जात्यासारखा. मी शेडमध्ये पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सर्दी झाली आहे असं सांगून बाहेर आले.

आणि भाऊसाहेबांचा वाढदिवस आला.

भाऊसाहेब आमच्या भागातले पुढारी. पक्ष कोणता, ते त्या त्या वर्षावर अवलंबून असे. वाढदिवसाच्या सांस्कृतिक संध्येला त्यांनी गफूरभाईंच्या बँडला बोलावलं. भाऊसाहेब खूश झाले तर त्यांच्या मुलीच्या लग्नापासून त्यांच्या सगळ्या सोयऱ्यांच्या मिरवणुकांपर्यंत बँडला काम होतं. नाराज झाले तर डी.जे. तयारच होता. गफूरभाईंनी सगळ्यांचे कोट धुऊन इस्त्री करून घेतले. मिस्त्रींनी पेटीतून काळा कोट काढला. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

ओवी सुरू झाली. कुमुद पहिल्या रांगेत होती, मी तिच्या मागे. क्लॅरिनेट दुसऱ्या ओळीवर आला आणि मांडवाबाहेर फटाक्यांची माळ लागली. भाऊसाहेब आले होते. निवेदकाने माइक घेतला. "आपल्या सर्वांचे लाडके, गोरगरिबांचे कैवारी..." हार निघाले. खुर्च्या सरकल्या. लोक उभे राहिले. भाऊसाहेब पहिल्या रांगेत, कुमुदच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि फोनवर बोलू लागले.

मिस्त्रींचे हात थांबले. बँड थांबला.

पुढे काय होणार हे मला आणि कुमुदला ठाऊक होतं. मिस्त्री हळूहळू वळत होते. त्यांचं तोंड लाल झालं होतं. तेवढ्यात गफूरभाई जागचे न हलता, हलक्या आवाजात म्हणाले, "मिस्त्रीसाहेब, तुमचं काय, तुमी इटलीले चालले जासान. आमाले अथीच वाजवा लागते."

मिस्त्रींनी कुमुदकडे पाहिलं. कुमुदने काही म्हणजे काही केलं नाही. ना मान हलवली, ना डोळ्यांनी खुणावलं. मांडीवरचा बटवा उघडून ती सुपारीचं खांड शोधत बसली. एकदा आयुष्यभर निस्तरलं होतं, आता तुझं तू बघ, असं असेल. मी विचारलं नाही.

ते परत बँडकडे वळले आणि हात उचलले. पहिल्यापासून नाही. जिथे थांबलं होतं तिथूनच. माइकवर शुभेच्छा देणाऱ्यांची नावं चालू होती, हार चालू होते, आणि त्या सगळ्याच्या खाली बँड ओवी वाजवत राहिला. दोन नावांच्या मध्ये निवेदक श्वास घ्यायचा, तेवढ्यात थोडी ऐकू यायची. मिस्त्रींनी शेवटच्या सुरापर्यंत एकही इशारा सोडला नाही. इतक्या काळजीने त्यांना काही करताना मी पाहिलं नव्हतं.

शेवटी भाऊसाहेबांनी शाल-श्रीफळ दिलं. "इटलीचे सुप्रसिद्ध मिस्त्री आज आपल्यात आहेत," असं माइकवर सांगितलं. काय बांधलं ते सांगितलं नाही. मिस्त्रींनी कमरेत वाकून नमस्कार केला.

आम्ही रिक्षाने घरी आलो. फाटकाशी उतरल्यावर कुमुद म्हणाली, "आज चांगलं वाजलं."

"कुठी वाजलं?" मिस्त्री ओरडले. "कोनाले आइकू आलं?"

"मले आलं," ती म्हणाली आणि कुलूप काढायला गेली.

बँडला कामं मिळाली. ती लग्नसराई गफूरभाईंना बसायला वेळ नव्हता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कुमुद गेली. फार आजारी नव्हती. सकाळी पोळ्या करता करता छातीत दुखतं म्हणून बसली. मिस्त्रींनी हाका मारून गल्ली गोळा केली, तिला रिक्षात घातलं, पण दवाखान्याच्या दारातच संपलं. बँडची सगळी माणसं स्मशानात आली होती. वाद्यं आणू का, असं गफूरभाईंनी विचारलं होतं. मिस्त्री नको म्हणाले, तेही "नको, धन्यवाद" असं.

तेव्हाच मला खटकलं. मिस्त्री सभ्य झाले.

आधी वाटलं, दुःख आहे, उतरेल. पण ते सभ्यच राहिले. गल्लीतून डी.जे. गेला, आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरली. मिस्त्री दारात येऊन हात जोडून उभे राहिले, जशी काही पालखी चालली आहे. खंडारेकाकूंनी कुकरच्या जास्त शिट्ट्या झाल्या म्हणून सवयीने माफी मागितली. "आवाजाचं काही नाही, होऊ द्या," मिस्त्री म्हणाले. पुस्तकी मराठीत. वऱ्हाडी गेली होती, जणू कुमुदनेच सोबत नेली. पोरं त्यांच्या फाटकाशी मुद्दाम पिपाण्या वाजवून पाहू लागली. त्यांनी पोरांना गोळ्या दिल्या. पियानोचं झाकण बंद होतं आणि माठ रिकामे. ज्या माणसाच्या ओरडण्याला अख्खी गल्ली कंटाळली होती, तो गप्प बसल्यावर गल्लीला झोप लागेना. ज्याचं त्याचं हेच चाललेलं, "आज काही बोलले का?"

एका दुपारी गफूरभाई क्लॅरिनेट घेऊन त्यांच्याकडे गेले. मी माझ्या ओट्यावर होते. आतून ओवीचे सूर आले आणि मी चहाचा कप खाली ठेवला. इतकं बेसूर गफूरभाईंनी त्या वरातीच्या दिवशीही वाजवलं नव्हतं. सगळी ओवी वाकडी. संपली. आता ओरडतील, म्हणून मी कान देऊन बसले. काहीच नाही.

गफूरभाई बाहेर आले ते थेट माझ्या ओट्यावर. क्लॅरिनेट मांडीवर ठेवून बसले.

"बाई, मी मुद्दाम बेसूर वाजोलं," ते म्हणाले. "एक सूर जागेवर नाई ठेवला. थे म्हनाले, छान आहे." आणि त्या माणसाने लाल कोटाच्या बाहीने डोळे पुसले. "गेला हो आपला मिस्त्री."

थोड्याच दिवसांत इटलीहून त्यांची मुलगी एलेना आली. आईसारखी ठेंगणी आणि आईसारखीच ठाम. बाबांना घेऊन जाते म्हणाली. मिस्त्रींनी विरोध केला नाही. त्यांनी आता कशालाच विरोध केला नसता. पियानो घरातच राहिला. भिंत पुन्हा कोण पाडणार?

मुंबईची गाडी संध्याकाळची होती. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. बँडची माणसं, खंडारेकाकू, पोरं. मिस्त्री बाकावर हात मांडीवर ठेवून बसले होते. प्रत्येकाला उठून "आभारी आहे" म्हणत होते. गफूरभाईंनी घरून खिमा-पोळीचा डबा आणला होता. त्यांनाही "आभारी आहे". गफूरभाईंनी मान फिरवली. समोरच्या रुळावरून एक मालगाडी भोंगा देत गेली, इतक्या जवळून की काकूंनी कान झाकले. मिस्त्री तिच्याकडे शांतपणे पाहत होते.

गाडी आली. एलेनाने सामान चढवलं, बाबांना चढवलं. बंद काचेचा डबा होता, पण आत दिवे लागले होते म्हणून सगळं दिसत होतं. मिस्त्री खिडकीशी बसले. आमच्याकडे पाहून त्यांनी हात हलवला, शेजाऱ्यांच्या घरी हळदीकुंकवाला आलेल्या बाईसारखा. समोरच्या सीटवर एक जाडजूड गृहस्थ पाय वर घेऊन बसले होते. हातात मोबाइल, छातीशी धरलेला. काही तरी गाणं चालू असावं, कारण ते मान डोलावत होते. कानाला काही लावलेलं नव्हतं.

गाडीने गचका दिला. मिस्त्रींनी आमच्याकडची नजर काढून हळूच त्या गृहस्थांकडे वळवली. त्यांच्या भुवया एकमेकींजवळ आल्या. मग त्यांनी सीटचा हात धरला आणि उठून उभे राहिले. एलेना त्यांची बाही ओढत होती. त्यांनी ती झटकली. त्यांचा उजवा हात वर गेला, बोट ताठ झालं आणि काचेतून आम्हाला काही ऐकू आलं नाही तरी तोंड एवढं उघडलेलं दिसलं की काय म्हणत असतील याबद्दल कोणालाच शंका राहिली नाही.

"बाई, उठला!" गफूरभाईंनी माझा हात घट्ट धरला. "पाहा, पाहा! उठला हो!"

ते डब्याबरोबर पळू लागले. त्यांच्या मागे ढोलवाला, मागे पोरं. गाडीने वेग घेतला. मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की त्या गृहस्थांनी पाय खाली घेतले होते आणि मिस्त्री अजून उभेच होते.

गृहस्थांचं पुढे काय झालं माहीत नाही. मुंबई यायला अजून अख्खी रात्र होती.